बाळाचं एक मिली रक्त, पहिल्या इंजेक्शनच्या आधी: नवजात कक्षासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या नवजात कक्षासाठी आम्ही तीन गोष्टी मागतो आहोत: लहान मुलांसाठीच्या ब्लड कल्चरच्या (रक्तात जंतू आहे का, ते वाढवून पाहायच्या तपासणीच्या) बाटल्या, नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोचवायला पेट्रोलखर्च आणि फ्रिजमध्ये ठेवायचे साधे थर्मामीटर. औषधांसाठी पैसे नकोत. सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचा उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत होतो.

हे सगळं लिस्टेरिया नावाच्या जंतूसाठी. त्याचा आजार विरळा, पण कल्चरच झालं नाही तर सापडणार कुठून? आईला दोन दिवस कणकण, कंबरदुखी, थोडे जुलाब, एवढंच. जंतू मात्र वारेतून बाळापर्यंत पोचतो. मग दिवस भरायच्या आत कळा येतात, बाळ कण्हतं, धापा टाकतं. दुसरा प्रकार फसवा. ठणठणीत घरी गेलेलं बाळ दोन-तीन आठवड्यांनी दूध ओढेनासं होतं, मंद पडतं, टाळू फुगते, झटके येतात. हा मेंदूज्वर.

गफलत होते ती औषधात. सेफोटॅक्सिम, सेफ्ट्रायक्सोन या जंतूला लागूच पडत नाहीत. लागतं अँपिसिलिन, जोडीला जेंटामायसिन. जंतू रक्तात असेल तर साधारण 14 दिवस, मेंदूज्वरात निदान 21. म्हणून कल्चर हवं, आणि तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. त्वचा पुसून पूर्ण वाळू द्यायची, निदान 1 मिली रक्त घ्यायचं, बाटली फ्रिजमध्ये अजिबात ठेवायची नाही, त्याच दिवशी पाठवायची. बाटली संपली म्हणून आधी इंजेक्शन दिलं की जंतू कल्चरमध्ये वाढत नाही आणि रिपोर्ट कोरा येतो. प्रयोगशाळेतही हा जंतू त्वचेवरच्या निरुपद्रवी डिप्थेरॉइड जंतूंसारखा दिसतो, ‘नमुना दूषित’ म्हणून बाजूला पडू शकतो. फॉर्मवर ‘नवजात, लिस्टेरियाचा संशय’ एवढं लिहिलं तरी पुन्हा पाहिलं जातं.

दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मध्ये पोलोनी नावाच्या तयार मांसातून साथ पसरली. हजाराहून जास्त रुग्ण, दोनशेवर मृत्यू, आणि रुग्णांमध्ये दर पाचांत दोन नवजात बाळं.

आपल्याकडे पोलोनी नसेल, पण मुरघास, म्हणजे जनावरांसाठी हवाबंद पिशवीत आंबवलेला हिरवा चारा, आहे. पिशवीला भोक पडून हवा शिरली, कडेला काळी बुरशी धरली, आंबट वास नीट आला नाही, की लिस्टेरियाला रान मोकळं. शेळ्या एकाच बाजूला गोल फिरायला लागतात, गाभडतात. गरोदर बाईने गाभडलेल्या जनावराला, त्याच्या वारेला हात लावू नये. दूध उकळूनच प्यावं. फ्रिजमधली कालची भाजी वाफ येईपर्यंत गरम करावी, कापून ठेवलेलं कलिंगड टाळावं. थर्मामीटर त्यासाठीच: हा जंतू फ्रिजमध्येही वाढतो, फक्त सावकाश. खालच्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात रात्रभर ठेवा. सकाळी 5 अंशांच्या वर दिसलं तर बटण फिरवायचं. हे थर्मामीटर आशाताई घरोघर फिरवतील, म्हणून 40 पुरेत.

बाटल्या सध्या 60 हव्यात. स्वतः विकत आणणार असाल तर आधी कक्षातल्या सिस्टरना विचारा. एका कंपनीची बाटली दुसऱ्या कंपनीच्या मशीनमध्ये चालत नाही. मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. रोख दिलीत तर पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.