ओकोन्क्वो आधीच ढासळला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीवरचा लेख वाचला. नायजेरियातल्या इग्बो गावातला तिचा नायक ओकोन्क्वो याचा बळी गोऱ्यांनी घेतला, असा लेखाचा सूर. १८३९ साली प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले आणि १८४८ साली राज्य खालसा झाले, त्या साताऱ्यात असे वाचन होणारच. पण पुस्तकातला क्रम वेगळा आहे.

प्रकरणे एकूण २५. गोऱ्याची पहिली ठोस बातमी येते पंधराव्यात. तोवर ओकोन्क्वो गावाबाहेर गेलेला असतो. अंत्यविधीत त्याचीच बंदूक फुटून सोळा वर्षांचा मुलगा मेला, म्हणून सात वर्षे आजोळी. खरी पडझड त्याही आधीची, सातव्या प्रकरणातली. इकेमेफुना हा दुसऱ्या गावाने ओलीस दिलेला मुलगा, तीन वर्षे त्याच्या घरात वाढलेला, त्याला बाप म्हणणारा. देववाणीवरून गाव त्याला मारायचे ठरवते. ‘या वधात तू हात घालू नकोस,’ असे वडीलधारा माणूस बजावतो. तरी ओकोन्क्वो जातो. पहिला घाव बसलेला पोर त्याच्याचकडे धावतो आणि हा कोयता चालवतो. कारण लेखकाने झाकलेले नाही: लोक दुबळा म्हणतील ही भीती. थोरला मुलगा न्वोये मनातून तुटतो तो त्या रात्री. मिशनऱ्यांना तो पुढे आयताच मिळतो. रूढीप्रमाणे रानात टाकलेल्या जुळ्या बाळांचा आक्रोशही त्याने ऐकलेला असतो. चर्चकडे वळतात ते ओसूही, म्हणजे गावाने वाळीत ठेवलेले लोक, ज्यांना केस कापायचीही मुभा नव्हती. हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

गोऱ्यांना यातून सूट नाही. बोलणीच्या नावाखाली इंग्रज जिल्हा कमिशनर सहा पुढाऱ्यांना बोलावून बेड्या घालतो आणि कवड्यांच्या २०० पोत्यांचा दंड लावतो. कोर्टाचे शिपाई गावात जाऊन २५० सांगतात. वरची ५० कुठे गेली, हे कचेरीची पायरी चढलेल्याला कळते. हे शिपाईही काळेच, फक्त परगावचे.

शेवटी ओकोन्क्वो गळफास घेतो. आत्महत्या म्हणजे भूमातेचा अपराध, त्यामुळे भाऊबंद प्रेताला हात लावू शकत नाहीत. कमिशनरच्या माणसांना विनवावे लागते. बाप उनोका अंग सुजून मेला, तोही भूमातेला विटाळच, म्हणून त्यालाही मूठमाती मिळाली नव्हती. त्या बापासारखे व्हायचे नाही, एवढ्यासाठी हा जन्मभर धडपडला.

कमिशनर स्वतः लिहायच्या पुस्तकात ओकोन्क्वोवर एक परिच्छेद खर्चायचे ठरवतो. आपल्या लेखात उनोकाला तेवढीही जागा नाही.

— एक वाचक, सातारा