कोड्याशेजारी जिंकत आलेला डावही छापा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘दोन चालींत मात’ हे बुद्धिबळाचे कोडे येते. ते चालू राहू द्या; पण त्याच्या शेजारी जिंकत आलेला, मात्र अजून संपवायचा राहिलेला एखादा डावही छापावा, एवढे सुचवायचे आहे.

मी मिरजेत सुट्टीत मुलांना बुद्धिबळ शिकवते. दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकल्यापासून मुलींची, खरे तर त्यांच्या आयांची, गर्दी वाढली आहे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “मोबाइलवर कुठल्या लेव्हलशी खेळवू?” कुठल्याच नको म्हटले की नाराज होतात. पण खालच्या लेव्हलचा कॉम्प्युटर बराच वेळ चोख खेळतो आणि मध्येच कारण नसताना हत्ती फुकट देऊन टाकतो. मुले त्या दानाची वाट बघत बसतात. नाहीच मिळाले, तर चाल मागे घ्यायचे बटण आहे! वरच्या लेव्हलला हरतात, पण कशाने हरलो ते कळत नाही.

कॉम्प्युटर खरा उपयोगी पडतो तो डावाच्या शेवटी. स्टॉकफिश हा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम फुकट मिळतो. त्याला पूर्ण ताकदीने खेळू द्यावे, मात्र हरती बाजू त्याच्या गळ्यात घालावी. उदाहरणार्थ (अक्षर उभ्या पट्टीचे, आकडा आडव्या पट्टीचा): पांढरा राजा जी-८, प्यादे जी-७, हत्ती एफ-१, काळा राजा ई-७, हत्ती एच-२. चाल पांढऱ्याची. पुस्तकात हे बघून “समजलं बाई” म्हणणारी मुले इथे हमखास अडकतात. प्याद्याचा वजीर करायला पांढरा राजा वाटेतून बाहेर पडला की काळा हत्ती शहावर शह देत सुटतो. राजा पुन्हा कोपऱ्यात, पुन्हा त्याच चाली, डाव बरोबरीत. आधी हत्ती एफ-४ वर का न्यायचा, तर पुढे तो चौथ्या पट्टीवरून आडवा येऊन शह अडवतो. हे मी कितीही सांगितले तरी शह खाल्ल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. समोर दुसरे मूल असेल, तर ते सातव्या पट्टीवरचे प्यादे बघूनच डाव सोडते. कॉम्प्युटर सोडत नाही.

उंट आणि घोडा मिळून एकट्या राजावर करायची मातही अशीच घोटून घ्यावी. अचूक खेळले तर ती जास्तीत जास्त ३३ चालींत होते. तरी तेव्हाची जगज्जेती ॲना उशेनिना हिला २०१३ मध्ये जिनिव्हात ओल्गा गिर्याविरुद्ध ती जमली नाही आणि अर्धा गुण गेला.

डावाखाली उत्तर छापू नये, फक्त चाल कुणाची तेवढे द्यावे. आकृतीही जरा मोठी असावी. सध्याच्या कोड्यात उंट कुठला आणि प्यादे कुठले, हे भिंग घेऊनही कळत नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, मिरज