पंधरा मिनिटांचं कोल्हापूर

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

तुझा निरोप मिळून चार दिवस झाले. मस्कतच्या तुमच्या मंडळात पंधरा मिनिटं ‘कोल्हापूरचं संगीत’ बसवायचंय, तर एखादी फर्मास लावणी सुचव, एवढंच लिहिलंयस. फोन केला असता तर तोंडातून शिव्याच गेल्या असत्या, म्हणून कागद घेऊन बसलोय.

लेका, लावणीला मी नावं ठेवत नाही. पण तीस वर्षं स्पीकर-मंडपाचा धंदा करतोय मी. या गावात ज्याला आवाज मोठा करायचा असतो तो माझ्या दारात येतो. परवाच्या एका आठवड्यात बायकांच्या भजनी मंडळाला दोन माईक दिले, एका उरुसात कव्वालीला चार, आणि शिरोळकडं जैनांच्या पूजेला पोरगं पाठवलं तर ते येऊन म्हणालं, “मामा, निम्मी गाणी कानडी हुती.” शनिवारी ऑर्केस्ट्रा. यातलं कोल्हापूरचं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, हे मला तीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. तू मस्कतहून ठरव बाबा.

देवल क्लबात पहिल्यांदा माईक लावायला गेलो ते आठवतं. ही गाण्याची संस्था १८८३ ची, आणि मी विशीतला, अंगात मस्ती. गाणं ऐकू यायला लागलं की बटण फिरवायचं, एवढंच माहीत. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मागं वळून माझ्याकडं नुसतं बघितलं. मध्यंतरात जवळ येऊन म्हणाला, “बाळ, हे जयपूरवाल्यांचं गाणं आहे. लांब दमाचं. त्यांना कुठं वाढायचं ते कळतं, तू हात लावू नकोस.” तेव्हापासून बैठकीत मी बटणाला हात लावत नाही.

हे ‘जयपूरवाले’ म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांचं घराणं. ज्यांच्या पुतळ्यापाशी आपण कॉलेजला असताना सायकली टेकवायचो, ते खाँसाहेब. माणूस राजस्थानातल्या उणियाऱ्याचा, शाहू महाराजांनी इथं दरबारात ठेवून घेतलेला. त्याआधीच अतिगाण्यानं त्यांचा मूळचा आवाज बसला होता. दुसऱ्या कुणी तंबोरा खाली ठेवला असता. यांनी उरलेल्या आवाजाला झेपेल अशी गायकी घडवली, पेचदार, अनवट रागांची, लयीला चिकटून जाणारी. त्यांच्याकडं शिकल्या गोव्याच्या केसरबाई. त्यांच्या मुलांकडं, मंजीखाँ आणि भूर्जीखाँकडं, शिकले धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर, ज्यांची मायबोली कानडी. आणि केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर बसून अंतराळात गेली. आता या सगळ्यात ‘अस्सल कोल्हापुरी’ काय ते मंडळाच्या सेक्रेटरीला विचारून सांग.

मिरजेचंही तसंच. खाँसाहेब अब्दुल करीम आले उत्तरेतल्या कैरान्याहून आणि राहिले मिरजेत. १९३७ ला गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्यातच दफन आहेत. उरुसात तिथं चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं. दोनदा मी नुसता ऐकायला गेलोय, सामान न घेता. तंबोऱ्याचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं आणि ते कोरून तारा चढवणारे हात मिरजेतल्या शिकलगारांचे, ज्यांचे पूर्वज हत्यारांना धार लावायचे. त्या गल्लीतनं चालताना भुश्शाचा वास आणि मधेच एखादी तार छेडल्याचा आवाज येतो. त्या वासासाठी तरी एकदा ये.

सिनेमाचं लिहीत नाही. प्रभात १९२९ ला इथं निघाली, सुधीर फडके इथं जन्मले, हे तुमच्या मंडळात सगळ्यांना पाठ असणार.

आता हलगी. हिला माझी गरज नाही, हे माझं जुनं दुःख आहे. चैत्रात जोतिबावर सासनकाठ्या नाचतात तेव्हा हजारांचं “चांगभलं” एकीकडं आणि दोन हलग्या एकीकडं, तरी हलगी वर राहते. वाजवणारा आधी कागद नाहीतर वाळलं गवत पेटवून तिला शेक देतो. कातडं ताणलं की आवाज असा चढतो की छातीच्या पिंजऱ्यात लागतो. तीच हलगी खासबागेत कुस्ती जोडताना. डाव रंगात आला की चाल वाढते, आणि पैलवान त्या चालीवर भिडतो की हलगी त्याच्या पायाकडं बघून वाजते, हे मला अजून कळलेलं नाही. वाजवणारी बहुतेक माणसं मातंग समाजाची. काठीपुढं नाचायला अख्खं गाव, आणि पंगतीला त्यांची पानं लांब. हे आपण दोघांनीही लहानपणी बघितलंय, तेव्हा कार्यक्रमात हलगी घेतलीस तर निवेदनात ‘आपली मराठमोळी’ वगैरे म्हणताना जरा दम खा.

पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची जत्रा मागल्या साली पुन्हा बघितली. भंडाऱ्यानं माणसं, रस्ते, कुत्री, सगळं पिवळं. धनगरी ढोल, झांजेसारखं कैताळ, आणि ओव्या काही मराठीत, काही कानडीत. शेजारी उभा म्हातारा डोळे मिटून दोन्हींवर मान हलवत होता. मी विचारलं, कानडी कळतं का? म्हणाला, “देवाला कळतंय की.” यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं, ते एका तारेचं वाद्य, तेही असंच, कर्नाटकातल्या सौंदत्तीपासून आपल्या गल्लीपर्यंत त्याला सीमाभाग-बिमाभाग काही माहीत नाही.

केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ ला, मी खासबागेच्या बाजूला उभा होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर. तिथल्या विंगेत किती वेळा केबल अंथरली असेल मी. कोण काही बोलत नव्हतं. नुसता लाकडाचा तडतड आवाज.

आता एक कबुली. गेल्या काही वर्षांत घरात पैसा आला तो डॉल्बीनं. गणपतीत महाद्वार रोडला माझ्याही बेसचे डबे उभे असायचे. वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, हे मला पाठ आहे, आणि माझी भिंत सुरू झाली की दुकानांची शटरं थरथरायची हेही. पोरांच्या पोटात तो ठोका बसतो तेव्हा त्यांना जो आनंद होतो तो खोटा म्हणवत नाही. पण दोन वर्षांपूर्वी डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, राहील. बारीक, वरचा आवाज आता त्या कानाला पोचत नाही. डबे विकून टाकले. बायको म्हणते उशिरा विकलेस.

तर मंडळाचं असं कर. खिचडी करू नकोस. लावणी एक ठेव, लोकांना हवीच असते, पण ढोलकी पेटाऱ्यातल्या रेकॉर्डची नको, तिथला कुणी हातानं वाजवणारा शोध. उरलेल्या वेळात मी पाठवतोय ते लाव, जोतिबाची हलगी आणि पट्टणकोडोलीचा ढोल. माझ्या स्वतःच्या माईकवर घेतलंय. शेजारचं रॅप करणारं पोरगंही त्यातला हलगीचा तुकडा मागून घेऊन गेलंय, त्याचं काय झालं ते पुढच्या पत्रात.

मोबाईलवर ऐकू नकोस, चांगल्या स्पीकरला जोड. आणि ढोलाच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी शेवटी कैताळ नीट वाजलंय का, का मधेच फाटलंय, तेवढं ऐकून कळव. मी चारदा लावून बघितलं, मला पुरतं कळेना.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बापू