तनू, तुझ्या रविवारच्या प्रश्नाचं उत्तर

चि. तनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "पप्पा, तुम्ही हे बांधकामाचं सगळं न शिकता वीस वर्षं करताय, मग मी दोन वर्षं इथं कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटला नेमकं काय शिकतेय?" मी मम्मी चहाला बोलावतीय म्हणून फोन ठेवला, पण खरं सांगतो, तेव्हा मला उत्तर सुचलंच नव्हतं. तीन दिवस डोक्यात तेच चाललंय. आज दुपारी माणसं जेवायला बसली तेव्हा स्लॅबवर जाऊन आळ्यात पाणी आहे का बघितलं आणि तिथंच जिन्यात बसून लिहायला घेतलं, आता रात्री घरी पुरं करतोय.

मी न शिकता करतो हे बरोबर आहे. पण न शिकल्याचे पैसे मी किती भरलेत हे तुला कधी नीट सांगितलं नाही, तू लहान होतीस आणि मम्मीपण म्हणायची की पोरीच्या अभ्यासात हे नको. आता सांगतो.

ऑगस्ट २०१९. तू अकरावीला होतीस, आपण नऊ दिवस विट्याला आत्याकडं राहिलो ते तुला आठवत असेल. तेव्हा माझं हरिपूर रोडला दुमजली गोडाऊनचं काम चाललं होतं, ४० लाखांचं, डिसेंबरअखेर ताबा द्यायचा होता. पहिला स्लॅब ओतून झाला होता, दुसऱ्याचं सेंट्रिंग, म्हणजे ओतायचा साचा, निम्मं झालेलं. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी सांगलीत सगळेच बघतात तशी मीपण तासातासाला बघत होतो, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि २००५ ला पाणी कुठवर आलं होतं ती खूण आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पक्की, म्हणून सिमेंटची १२० पोती त्या खुणेच्या हातभर वर फळ्या टाकून रचली आणि निर्धास्त झालो. पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. ओसरल्यावर गेलो तर पोत्यांचे दगड झालेले, पोत्याची घडीसुद्धा तशीच दगडात उमटलेली, वाळूचा पत्ता नाही, आणि सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या, त्यांचं भाडं मात्र पाण्यात असतानाही चालूच. विजापूरकडची सगळी माणसं गावी गेली ती दीड महिना आली नाहीत. काम संपलं मार्चमध्ये, दहा आठवडे उशिरा.

शेवटच्या बिलात पार्टीनं, म्हणजे गोडाऊनच्या मालकानं (नाव लिहीत नाही, ते आता नको) आठवड्याला अर्धा टक्का दंड लावला. दहा आठवड्यांचे ५ टक्के, म्हणजे २ लाख कापले. मी म्हटलं अहो पूर होता, सगळ्या गावानं बघितलाय. ते म्हणाले आम्हीपण बघितलाय, पण ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय की असं काही झालं तर १५ दिवसांत लेखी कळवून मुदतवाढ मागायची, तुमचं पत्र कुठाय? पत्र नव्हतंच. त्या १५ दिवसांत मी घरातला आणि साइटवरचा चिखल काढत होतो, पत्र लिहायचं असतं हे कुणाच्या मनात येणार. वकिलांकडं गेलो, त्यांनी विचारलं काम नेमकं किती दिवस बंद होतं, मी म्हणालो महिना-दीड महिना, ते म्हणाले महिना की दीड महिना? कुठली कामं बंद, कुठली चालू, कोणत्या दिवशी किती माणसं हजर? हजेरीची वही होती पण रोज काय काम झालं ते लिहायची साइट डायरी नव्हती, फोटो होते ते घराचे. आणि कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क म्हणून ठेकेदाराच्या कामाची विमा पॉलिसी असते हे मला तिथं, वकिलांच्या टेबलासमोर पहिल्यांदा कळलं. मम्मीच्या पाटल्या तेव्हा बँकेत गेल्या त्या २०२१ ला सुटल्या.

म्हणून पहिल्या सेमला तू घरी आलीस आणि जेवताना सहज बोललीस की फिडिकच्या, म्हणजे मोठ्या कामांना जगभर वापरतात त्या छापील नमुन्याच्या काँट्रॅक्टमध्ये क्लेम असेल तर २८ दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते नाहीतर हक्क जातो, तेव्हा माझा घास हातात राहिला. तुला वाटलं आमटी तिखट झाली. मला वाटत होतं की हे एक वाक्य मला पुराच्या आधी कुणी सांगितलं असतं तर. तू त्याला थिअरी म्हणतेस, काँट्रॅक्टचा पेपर सगळ्यात बोअर आहे म्हणतेस. बाळा, तो पेपर सगळ्यात जास्त मन लावून कर. भिंत ओळंब्यात नसेल तर ती मला दुरून दिसते, ॲग्रीमेंटचं कलम ओळंब्यात नसेल तर ते मला आजही दिसत नाही. ते दिसायला शिकावं लागतं आणि ते माझ्या साइटवर शिकायला मिळत नाही.

दुसरं, मागच्या दिवाळीतलं. विश्रामबागच्या बंगल्याचं काम रखडलं होतं आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की गिलाव्याची टोळी मिळत नाही म्हणून रखडलंय. तू मार्केट यार्डातल्या पेढीचं जुनं कॅलेंडर काढलंस, मागच्या कोऱ्या बाजूला गोल काढून बाण जोडलेस, मला एकेक विचारत गेलीस, वीटकाम किती दिवस, चौकटी कधी, इलेक्ट्रिकचे पाइप कधी, फरशी कधी, आणि अर्ध्या तासानं लाल स्केचपेननं एक रेघ ओढलीस, ज्या कामांना उशीर झाला की सगळं घरच उशिरा होतं त्या कामांवरून. ती रेघ गिलाव्यावरून आलीच नाही, ती आली खिडक्यांच्या ग्रॅनाइट चौकटीवरून! चौकटींची ऑर्डर मी दिलीच नव्हती, म्हणून वीटकाम सिलला, म्हणजे खिडकीच्या बुडाला येऊन थांबलेलं, म्हणून पाइप थांबलेले, म्हणून गिलावा मिळाला तरी उपयोग नव्हता. आणि मग तू विचारलंस, "कंपाउंडला ३४ दिवस फ्लोट आहे, तिथं सहा माणसं कशाला लावलीत?" फ्लोट म्हणजे ते काम तेवढे दिवस लांबलं तरी घर उशिरा होत नाही. मला उत्तर देता आलं नाही. कंपाउंड रस्त्यावरून दिसतं, मालक रोज गाडीतून बघतो, म्हणून लावली होती. पाडव्यानंतर चौकटी सांगितल्या, माणसं हलवली, आणि वास्तुशांतीच्या मुहूर्ताआधी आठ दिवस घर धुऊन दिलं. ते कॅलेंडर मी अजून ऑफिसात लावलंय, उलटं.

तूच सांगितलंस की ही लाल रेघेची पद्धत, क्रिटिकल पाथ, १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत निघाली आणि त्याच वेळी तिथल्या नौदलानं पाणबुडीतल्या क्षेपणास्त्राच्या कामाला पर्ट नावाची तशीच पद्धत वापरली. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून हे होतं, आणि मी वीस वर्षं कंपाउंडवर माणसं लावत होतो. आणि हे फक्त माझ्यासारख्या बंगले बांधणाऱ्यांचं नाही. आज्जीचं माहेर जत तालुक्यातलं, म्हैसाळ योजनेचं पाणी येणार येणार हे ऐकत तिची भावंडं म्हातारी झाली. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं पंपानं वर चढवायचं, त्यात एक टप्पा जरी राहिला, जमिनीचा वाद म्हणून, निधी नाही म्हणून, तर खालचे सगळे टप्पे बांधून झालेले असले तरी वरच्या माणसाच्या शेतात थेंब जात नाही. तिथं ती लाल रेघ कुणीतरी रोज बघायला पाहिजे असते. स्ट्रक्चर, म्हणजे इमारतीच्या डिझाइनचा विषय घेतलेली तुझी मैत्रीण तुला चिडवते ना, चार्ट रंगवायचा कोर्स म्हणून, तिला जत दाखवायला घेऊन ये. तिचं शिक्षणही मोठंच आहे, डिझाइन चुकलं तर माणसं मरतात, पण डिझाइन कपाटात पडून राहिलं तरी माणसांचं आयुष्य जातंच की.

आता तुझ्या चार्टमध्ये काय कमी आहे तेही सांगतो, कारण हे तुला सर सांगणार नाहीत. प्रायमाव्हेरात, त्या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरात, तू जे कॅलेंडर टाकतेस त्यात रविवार सुट्टी टाकलीस. आपल्याकडं गवंडी रविवारी येतो पण अमावस्येला येत नाही. बाजारादिवशी पगार वाटायचा म्हणजे दुपारनंतर काम गेलंच. पहिला पाऊस पडला की विजापूरची माणसं पेरणीला जातात, कितीही उचल दिलेली असो, जाणारच, आणि गेलीच पाहिजेत, त्यांचं शेत आहे. हे कॅलेंडरमध्ये टाक, मग तुझा चार्ट आणि साइट एकमेकांना ओळखतील. आणि कुठल्याही साइटवर गेलीस की आधी मुकादमाला विचार, "काका, हे किती दिवसात होईल?" त्यानं सांगितलेला आकडा लिहून घे आणि मग कॉम्प्युटरला विचार. दोन्हीत फरक आला तर घाईनं त्याला चूक ठरवू नकोस.

एक गोष्ट लिहायची की नाही असा विचार करत होतो, लिहितोच. २०१४ ला गिलाव्याच्या परांचीवरून माझा एक गवंडी पडला. बांबू बांधलेला काथ्या कुजलेला होता, सकाळी मी स्वतः त्याच्याखालून गेलो होतो आणि वर बघितलं नाही. मांडीचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं, खर्च मी केला. पण नंतर कळलं की बांधकाम कामगारांसाठी तेव्हा १९९६ चा कायदा होता, मंडळ होतं, बांधकामाच्या खर्चावर १ टक्का सेस त्यासाठीच घ्यायचे, आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असला की कामगाराची नोंदणी व्हायची. तो दाखला द्यायचा कुणी? मी. त्यानं दोनदा मागितला होता आणि मी दोनदा उद्या ये म्हणालो होतो. तो अजून लंगडतो. मार्केटला दिसला की तोच आधी नमस्कार करतो आणि मला त्याच्याकडं बघवत नाही. तुमच्या सेफ्टीच्या विषयाला पोरं दांड्या मारतात असं तू म्हणालीस. तू मारू नकोस. तुझ्या हाताखाली उद्या पाचशे माणसं असतील, त्यातल्या एकालाही तू उद्या ये म्हणालेलं मला चालणार नाही.

पैशाचा विचार डोक्यात आणू नको. गेट परीक्षेवर मिळणारं महिन्याचं १२,४०० स्टायपेंड तुझ्या खोलीला आणि मेसला पुरतं म्हणालीस, वर लागलं तर मला सांगायचं, मैत्रिणीकडून उसनं घ्यायचं नाही. आणि नोकरी कुठं करणार, मेट्रोवर का बिल्डरकडं का कन्सल्टंटकडं, हे आत्ता ठरवायची घाई नको, पण पहिली दोन वर्षं साइटवर काढ एवढं माझं ऐक. एसीत बसून केलेला प्रोग्रॅम, म्हणजे कामाचं वेळापत्रक, मी लांबून ओळखतो, त्यात पाऊसच नसतो.

डिसर्टेशनला, तुझ्या प्रबंधाला, विषय मिळत नाही म्हणालीस त्यावर मला एक सुचलंय. आपल्या नदीकाठच्या भागात कामाचा प्रोग्रॅम करताना पूर धरायचा कसा? जून ते सप्टेंबर कुठली कामं काढायची, माल किती उंचीवर, किती दिवसांचा ठेवायचा, पातळी ४० ला आली की साइटवर कुणी काय करायचं, पत्र कधी जायचं, विमा किती. २००५, २०१९, २०२१, तीन पूर आमच्या डोळ्यांदेखत झाले आणि अजून प्रत्येक ठेकेदार आपापल्या अंदाजानं फळ्या रचतोय. सरांना विचारून बघ, ते मला जास्त कळत नाही.

पण त्यासाठी आकडे लागतील ना? ते माझ्याकडं आहेत. २००८ पासूनच्या हजेरीच्या वह्या, मालाच्या पावत्या, काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं दिलेल्या आर.ए. बिलांच्या कॉप्या, सगळं माळ्यावरून काढलं. मम्मीनं धूळ झटकून जुन्या चादरीत गाठोडं बांधलंय, वरून दोन किलो भडंग आहे. शनिवारी सकाळच्या एसटीनं शेजारचे काका स्वारगेटला येतील, उतरून घे. २०१९ ची वही सगळ्यात खाली ठेवलीय, ती पाण्यात राहिलेली आहे, ऑगस्टची पानं एकमेकांना चिकटलीत. मी उघडायला गेलो तर फाटायला लागली म्हणून थांबलो, तू सावकाश सोडव, शाई बरीचशी टिकलीय.

तुझा,
पप्पा
सांगली