दुकान वेळेवर वाढवा

प्रति,
संपादक महोदय,

एकट्याने धंदा करणाऱ्यांना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा पहाटेपासून सुरू होतो. पाचला उठा, गार पाण्याने आंघोळ करा, ध्येय वहीत लिहा. पण बेळगावच्या उद्यमबागेत एकाच लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) जॉबवर्क करणारा, वडगाव-खासबागेत घरातच माग चालवणारा विणकर, खानापूर-निपाणीकडे घरी शिलाई करणाऱ्या भगिनी, यांची सकाळ मुळात बिघडलेलीच नसते. कामाला लावायला त्यांच्यामागे कोणी लागावे लागत नाही. बिघडते ते संध्याकाळी. कारखान्यातल्या कामगाराला भोंगा असतो, यांच्या दिवसाला शेवटच नसतो. म्हणून एकच सवय लावायची झाली तर दुकान वेळेवर वाढवायची, म्हणजे दिवसाचे काम बंद करायची, लावावी, असे आमचे ठाम मत आहे.

दुकान वाढवणे म्हणजे शटर ओढून घरी पळणे नाही. त्याला वीस मिनिटे लागतात आणि ती कामाच्या वेळेतच धरावी लागतात. आधी रोख मोजायची आणि यूपीआयची रक्कम बँकेच्या खात्यावरून ताडायची, गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवरून नाही. वहीत दोनच रकाने ठेवावेत, आले आणि गेले. घरखर्चाला उचललेले पैसेही 'गेले'मध्ये 'घर' म्हणून लिहावेत, नाहीतर चांगला चाललेला धंदाही तोट्यात वाटू लागतो आणि माणूस उगाच खचतो.

मग उद्याचे पहिले काम लिहायचे. इथेच बहुतेकांचे चुकते. 'फ्लँजचे काम' एवढेच लिहून काही उपयोग नाही. 'फ्लँज, उरलेले सहा नग, फेसिंग झाले, बोअरपासून सुरुवात, बोरिंग बार लावून ठेवला आहे' असे लिहावे. अर्धवट काम रात्रभर डोक्यात घोळत राहते, कारण ते कुठून धरायचे हे ठरलेले नसते. ते कागदावर उतरले की घोळणे बरेच कमी होते, आणि सकाळचा पहिला तास 'काय करू' यात जात नाही. हुरूप टिकतो तो अशा पहिल्या तासावर. शेवटी टूल जागेवर ठेवावे, बुरादा झाडावा, मेन स्विच बंद करावा. क्रम रोज तोच ठेवावा.

घरातच माग किंवा शिलाई मशीन असेल तर हे अवघड होते, कारण काम आणि घर यांच्यामध्ये भिंतच नसते. तिथे मागावर किंवा मशीनवर कापड झाकावे आणि पंधरा मिनिटे घराबाहेर चालून यावे. परत आल्यावर ते कापड उचलायचे नाही. यंत्रमागाच्या खटखटाटाने कान आणि डोके दोन्ही थकतात, त्यामुळे मागावर असताना कानात बोळे घालणे हाही याच सवयीचा भाग समजावा. लग्नसराईत शिलाईवाल्यांची झोप जाते ती जास्त शब्द दिल्यामुळे. दिवसाला चार ब्लाऊज होत असतील तर तीनच घ्यावेत. चौथ्याची जागा अस्तराच्या कामाला, दुरुस्तीला आणि वीज जाण्याला लागतेच.

फोनचे सांगणे भाग आहे. लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, जॉब फिरत असताना फोन उचलला, की बोअर, म्हणजे आतले भोक, दोन शतांश मिलिमीटरने मोठे होते, बेअरिंग सैल बसते आणि नग रिजेक्ट होतो. कापलेले लोखंड परत चिकटत नाही. नुकसान पैशाचे असतेच, पण त्या चिडचिडीत पुढचे दोन नगही बिघडतात. फोन कपाटावर ठेवावा आणि उलट फोन करायच्या दोन वेळा ठरवाव्यात, अकरा आणि चार. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'अवे मेसेज', म्हणजे आपोआप जाणारा निरोप, लावता येतो. त्यात या दोन वेळा लिहून ठेवल्या की गिऱ्हाईक आठ-पंधरा दिवसांत सरावते.

उधारीची वही रोज रात्री उघडू नये, हे आम्ही विशेष आग्रहाने सांगतो. आठवड्यातला एक वार आणि एक तास ठरवावा, सकाळचा, आणि त्याच वेळी वसुलीचे सगळे फोन करावेत. रात्री दहाला येणे बघून कुणाचे पैसे आलेले नाहीत, झोप मात्र जाते. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हे हक्काचे बोलणे जमण्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, माल देण्याआधीच करून ठेवावी आणि चलनावर माल पोचल्याची तारीख, सही, शिक्का घ्यावा. चलनावर तारीखच नसेल तर दिवस कुठून मोजायचे यावरच वाद अडतो.

आपल्या भागातला एक ताण बाहेरच्यांना कळत नाही. संध्याकाळी कन्नडमधली एखादी नोटीस येते. मराठी शाळेत शिकलेल्याला त्यातले आकडे तेवढे वाचता येतात, आणि आकड्यांवरून माणूस रात्रभर भलतेसलते तर्क करतो. अशा कागदावर आल्याची तारीख लिहून, फोटो काढून तो बाजूला ठेवावा आणि सकाळी कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याकडून आधी फक्त दोन गोष्टी वाचून घ्याव्यात, विषय काय आणि मुदत कधीची. पुष्कळदा ती साधी नूतनीकरणाची आठवण असते. समजेल त्या भाषेत कागद मिळावेत ही आपली मागणी योग्यच आहे, पण ती पुरी होईपर्यंत झोप गमावून चालणार नाही.

शरीराचे थोडक्यात. दुपारी चारनंतर चहा नको, कारण त्यातले कॅफीन निम्मे उतरायलाच पाच-सहा तास लागतात. सकाळी अर्धा तास उजेडात चालावे, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर, किल्ला तलावाकाठी किंवा शेताच्या बांधावरून. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस आणि झाकोळ असतो. त्या दिवसांत चालणे सुटते आणि मन मलूल होते. तेव्हा छत्री घेऊन दहा मिनिटे का होईना, बाहेर पडावेच. जेवणाचा डबा मशीनशेजारी उभ्याने खाऊ नये.

एकट्या माणसाला 'काम चांगले झाले' म्हणणारे कोणी नसते. आठवड्यातून एकदा त्याच धंद्यातल्या दुसऱ्या एकट्या माणसाबरोबर तासभर बसावे. तो स्पर्धक असला तरी चालेल. दर सांगायचे नाहीत, अडचणी सांगायच्या.

मात्र दोन आठवडे झोप लागत नसेल, आवडीच्या कामातही मन लागत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आळस नाही आणि सवयींनी तो बराही होणार नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. धारवाडची डिम्हान्स ही सरकारी मानसोपचार संस्थाही आपल्याला जवळ आहे. जिवाचा धोका वाटत असेल तर त्या माणसाला क्षणभरही एकटे सोडू नये, तडक दवाखान्यात न्यावे.

आपल्या भागातील व्यापारी आणि उद्योजक संघटनांना आमची एक विनंती आहे. महिन्यातला एक संध्याकाळचा तास फक्त एकट्याने धंदा करणाऱ्यांसाठी ठेवावा, भाषण आणि पाहुण्यांशिवाय, आणि कन्नड कागद वाचून देणारा एक जाणकार तिथे बसवावा. आपल्या दैनिकाने त्या बैठकीचे ठिकाण आणि वेळ छापली तर खानापूर, निपाणीकडच्या लोकांनाही येता येईल.

आपले,
उद्यमबाग परिसरातील लघुउद्योजक वाचक, बेळगाव