हक्कसोडपत्रावरची सही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मुस्लिम स्त्रीविषयी वृत्तपत्रांतून चर्चा सुरू झाली की ती बुरखा आणि तलाक यांच्यापुढे सहसा सरकत नाही. हे दोन्ही प्रश्न क्षुल्लक आहेत असे मी म्हणणार नाही. आमच्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी अवघ्या सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवायला २०१७ साल उजाडले. परंतु ज्या हक्काविषयी धर्मग्रंथात फारसा वाद नाही, तरीही जो घरोघरी बिनबोभाट बुडवला जातो, त्या वारसाहक्काबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

इ. स. ६२५ मधील उहुदच्या लढाईत पैगंबरांचे एक सहकारी साद बिन रबी मारले गेले, तेव्हा त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. त्यांची विधवा दोन्ही मुलींना घेऊन पैगंबरांकडे आली आणि मालमत्तेवाचून या मुलींची लग्ने व्हायची नाहीत, अशी तिने तक्रार केली. त्यानंतर कुराणाच्या सूरह निसा या अध्यायातील वाटणीची आयत (वचन) अवतरली, आणि मुलींना दोन तृतीयांश, त्यांच्या आईला एक अष्टमांश व उरेल ते तुला, असा निवाडा पैगंबरांनी त्या भावाला ऐकवला, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, सांगितलेले आहे. ज्या काकाने सर्व काही बळकावले होते, त्याचा क्रमांक शेवटचा लागला. पैगंबरांच्या पत्नी हजरत खदीजा मक्केच्या मोठ्या व्यापारी होत्या, हे आमचे मौलवी अभिमानाने सांगतात. सादच्या विधवेची ही हकीकत मात्र मी जुम्याच्या बयानात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, आजवर ऐकलेली नाही. (भोंग्यावरून घरी जेवढे ऐकू येते, तेवढ्यावरूनच हे लिहिते आहे, कारण आमच्या मशिदीत स्त्रियांसाठी जागा नाही.)

पुढे रूढीने हा हक्क कसा गिळला, याचा पुरावा १९३७ च्या शरियत कायद्यातच सापडतो. पंजाबसारख्या प्रांतांत रूढीच्या नावाखाली मुलींना जमिनीतून वगळले जाई, आणि ही रूढी मोडून त्यांना शरियतप्रमाणे वाटा मिळावा, हे त्या कायद्याच्या समर्थनार्थ केलेले एक प्रमुख प्रतिपादन होते. तरीही कलम २ मधून शेतजमीन वगळली गेली. शेतजमीन हा तेव्हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय होता, हे कारण खरेच आहे. पण ज्या देशात मालमत्ता म्हणजे मुख्यतः जमीन, तेथे ते जमीनदारांच्या किती पथ्यावर पडले असेल, हे सांगायला नको. मद्रास आणि केरळ या राज्यांनी नंतर दुरुस्ती करून शेतजमीनही या कायद्याखाली आणली.

आमच्याकडे कागदाची अडचण नसते. वडील वारले की तलाठी वारसनोंदीत मुलींची नावे लावतो. अडचण त्यानंतर, बहुधा मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणानंतर सुरू होते. माझ्या वडिलांच्या पश्चात आंब्याची बाग आणि घर होते. आम्ही तिघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, त्या कोणी धमकावले म्हणून नव्हे, तर ईदेला माहेरचे दार उघडे राहावे म्हणून. तीन पिढ्या हिंदू शेजाऱ्यांसोबत काढल्यामुळे हेही ठाऊक आहे, की महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला असला, तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्यांच्याही सह्यांची रांग असते. फरक इतकाच, की आमचे भाऊ शरियतच्या रक्षणाची भाषणेही करतात.

मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आजच्या काळात न्याय्य आहे का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणारे धर्मद्रोही नव्हेत. मुलगाच नसेल तर मुलींचे दोन तृतीयांश देऊन उरलेले बापाच्या भावांकडे जाते. ते टाळण्यासाठी तीन मुलींच्या आईबापांनी, केरळमधील एका मुस्लिम दांपत्याने, ८ मार्च २०२३ रोजी विशेष विवाह कायद्याखाली आपापसांतच पुन्हा विवाह नोंदवला, कारण अशा विवाहानंतर वारसा शरियतऐवजी भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी बहिणीचा निम्मा तरी वाटा चुकता केला आहे, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

ज्यांना धर्माच्या चौकटीबाहेर जायचे नाही, त्यांच्यासाठी हिबा, म्हणजे हयातीत दिलेले दान, हा मार्ग आहे. वारसाच्या नावे केलेले मृत्युपत्र इतर वारसांच्या संमतीवाचून चालत नाही, हिब्याला मात्र ते बंधन नाही. शिवाय दान देताना मुलांमध्ये न्याय करा, अशी हदीसही आहे. आमच्या जमातीने, म्हणजे स्थानिक मुस्लिम समाजाच्या मंडळाने, निकाहच्या वहीप्रमाणे मयताच्या वाटणीचीही वही ठेवावी, अशी लेखी विनंती मी केली आहे. उत्तर अजून आलेले नाही.

माझ्या नावावरची चार गुंठे जागा मी गेल्या वर्षी मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी देऊन ताबाही दिला. साक्षीदार म्हणून मी थोरल्या भावाला बोलावले होते. तो आला, त्याने सही केली आणि चहा न घेताच निघून गेला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण