विषय : गुरा-डुकरांच्या वायदे व्यवहाराच्या (पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आज ठरवून केलेल्या सौद्यांच्या) प्रशिक्षणाची फी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मी आटपाडीचा. शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार वडिलांपासून चालत आलेला. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्यात माझी उभी हयात गेली. "जनावरातलं तुम्हाला कळतंच, आता शिकागोच्या बाजारात कमवा," असे तुमच्या प्रतिनिधीने सांगितले, म्हणून 35,000 रुपये भरून शिकवणीला बसलो. उन्हाळ्यात तिथला बाजार आपल्याकडे संध्याकाळी सातला उघडतो आणि रात्री 11.35 ला बंद होतो. तीन महिने तेवढा वेळ रोज मोबाइलसमोर काढला.

तुमच्या वहीत सगळ्याच जनावरांचा लॉट, म्हणजे एका सौद्याचे ठरलेले वजन, 40,000 पौंडांचा छापला आहे. लाइव्ह कॅटल (कत्तलीला तयार गुरे) आणि लीन हॉगचा (डुकरे) तेवढा आहे, पण फीडर कॅटलचा (अजून पोसायची गुरे) 50,000 आहे. पौंडामागे एक सेंट भाव पडला की लॉटमागे 400 नाही, 500 डॉलर जातात. लीन हॉगची डिलिव्हरी घ्यावी लागते हेही चूक. तो सौदा रोखीत मिटतो. विचारले तर उत्तर मिळाले, "पुढे कळेल." वजन चुकीचे सांगणाऱ्याला आमच्या बाजारात पुन्हा कोणी दारात उभे करत नाही.

तरी एवढ्यावर मी पत्र लिहिले नसते. वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, असे तुम्ही शिकवले. मार्जिनचे, म्हणजे सौद्यासाठी आधी ठेवायच्या अनामतीचे, पैसे पाठवायला बँकेत गेलो. परदेशी पैसे पाठवण्याच्या ए-2 फॉर्मवर कारण विचारले, मी खरे ते सांगितले. साहेबांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, रिझर्व्ह बँकेच्या ज्या योजनेत हे अडीच लाख डॉलर बसतात, त्याच योजनेत परदेशी एक्स्चेंजच्या मार्जिनसाठी पैसे पाठवायला मनाई आहे. तिथूनच तुमच्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणतो, "नातेवाइकांना मदत असं लिहा, सगळे तसंच करतात."

परदेशात माझे कोणीही नाही. त्या खोट्या कारणाखाली सही माझी राहिली असती, तुमची नाही. मी फॉर्म फाडून घरी आलो. पण माझ्या बॅचच्या कोणी तसे लिहून पैसे पाठवले असतील तर? त्यांना हा नियम तुम्ही आजच लेखी कळवा.

माझी पूर्ण फी पंधरा दिवसांत परत करावी, अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. फीची पावती आणि वहीतले ते पान सोबत जोडले आहे. फोनचे रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे.

आपला ग्राहक,
(सही)